लेकराच्या कोपरासाठी यवतमाळ कशाला?

एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपराला होणारी एक दुखापत अशी आहे, की ओळखणाऱ्याच्या हाती मूल पडले तर ती अर्ध्या मिनिटात बरी होते. तिला प्लास्टर लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, बहुतेक वेळा एक्स-रेही लागत नाही. ओळखणारे माणूस जवळ नसेल तर मात्र याच दुखापतीपायी कुटुंबाचे एक-दोन दिवस, आईबापाची मजुरी, गाडीभाडे आणि लेकराची रात्रभराची झोप जाते. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात पाटणबोरी, करंजी, रुंझ्याच्या बाजूला किंवा आतल्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, हे कसे घडत जाईल, ते कल्पना करायला अवघड नाही. संध्याकाळी हाताला धरून उचलताना लेकरू किंचाळते आणि मग तो हात हलवायचेच सोडून देते. आजी मनगटाला तेल लावून चोळते. सकाळी कुणी हाड बसवणाऱ्याचे नाव सुचवतो, कुणी पांढरकवड्याच्या दवाखान्याचे. तिथे एक्स-रे निघतो, त्यात काहीच दिसत नाही, आणि लहान मूल आहे, मोठ्या डॉक्टरला दाखवलेले बरे म्हणून गाडी यवतमाळला निघते. आणखी सुमारे सत्तर किलोमीटर. कुणी पैनगंगा ओलांडून आदिलाबाद गाठतो. यांतल्या बहुतेक मुलांना या प्रवासाची गरज नाही, असे माझे म्हणणे आहे. ही दुखापत ओळखण्याचे आणि बसवण्याचे कौशल्य उपकेंद्रापर्यंत नेता येते आणि ते न्यायला हवे. त्याच शिक्षणात, कोणत्या हाताला अजिबात हात लावायचा नाही हेही शिकवायला हवे, आणि मला हा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

आधी आत काय घडते ते पाहू. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. तळहात उताणा-पालथा करताना अंगठ्याच्या बाजूचे हाड स्वतःभोवती फिरते. त्याचे वरचे गोल डोके कोपरात जागच्या जागी राहावे म्हणून त्याच्याभोवती अस्थिबंधाचे एक वलय असते, मनगटावर बांगडी असावी तसे. लहान मुलांत या वलयाची खालची कड हाडाला फार पातळपणे चिकटलेली असते. हात सरळ आणि तळवा खाली असताना अचानक ओढ बसली, की हाड किंचित खाली खेचले जाते, ती कड सुटून डोक्यावरून वर घसरते आणि ओढ थांबताच सांध्याच्या फटीत चिमटली जाते. हाड मोडलेले नसते आणि सांधाही पूर्ण निखळलेला नसतो. मुलांमध्ये या हाडाचे डोके त्याच्या मानेपेक्षा बारीक असते म्हणून ते वलयातून निसटते, असे पूर्वी मानले जाई. टोरंटोचे अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट सॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७१ मध्ये शवविच्छेदनातून तपासले, तेव्हा ती समजूत टिकली नाही; दोष सापडला तो वलयाच्या पातळ कडेत. वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास ही कड जाड आणि घट्ट होते, म्हणून त्यानंतर ही दुखापत विरळ होत जाते. यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. आठ वर्षांच्या मुलाचे कोपर दुखत असेल, तर त्याला हे निदान लावण्याआधी दहादा विचार करायला हवा.

ही ओढ बसते ती रोजच्या जगण्यात, मायेच्या माणसांच्या हातून. एसटीच्या पायरीवर चढवताना एका हाताने वर घेतले. आठवडी बाजारात ट्रॅक्टर आला म्हणून झटक्याने बाजूला ओढले. लेकरू रुसून जमिनीवर बसू लागले आणि मोठ्याने हात सोडला नाही. स्वेटरच्या बाहीत अडकलेला हात ओढून काढला. दोघांनी दोन हात धरून झोके दिले. आईबाप कापूस वेचायला गेले की धाकट्याला सांभाळणारी ताई स्वतःच आठ-नऊ वर्षांची असते. ती त्याला कडेवर घेऊ शकत नाही, हाताला धरूनच उठवते. केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रातल्या गर्दीत रांग पुढे सरकते तेव्हा मागे राहिलेल्या पोराचा हात आपोआप खेचला जातो. जगभरच्या नोंदींत डाव्या हाताचे प्रमाण थोडे जास्त दिसते, त्याचे कारणही घरगुती आहे. बहुतेक मोठी माणसे उजव्या हाताने धरतात, आणि शेजारून चालणाऱ्या मुलाचा त्यांच्या हाती डावा हात येतो. अगदी तान्ह्या बाळात कूस बदलताना हात अंगाखाली अडकूनही असे होऊ शकते.

दुखापत झालेले मूल ओळखता येते, पण त्याला न्याहाळावे लागते. पहिली किंकाळी संपली की ते बरेचदा रडतही नाही. आईच्या मांडीवर शांत बसते, इकडेतिकडे पाहते, दुसऱ्या हाताने खेळतेसुद्धा. दुखरा हात मात्र अंगालगत, कोपरात किंचित वाकलेला, तळवा पोटाकडे किंवा खाली वळलेला असा निपचित धरलेला असतो. बिस्किट त्या बाजूने पुढे केले तर ते दुसरा हात आडवा आणून घेते. आईला वाटते मनगट दुखावले, कारण तिने मनगटच धरले होते. कधी वाटते खांदा उतरला. कोपराला सूज नसते, निळेपणा नसतो, आकार बदललेला नसतो. तपासणाऱ्याने आधी चांगल्या हातापासून सुरुवात करावी, मग दुखऱ्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडापासून आणि मनगटापासून हलके दाबत यावे आणि कोपर सगळ्यात शेवटी तपासावे. कुठल्याही हाडावर दाबताना मूल कळवळत नाही, तळवा उताणा करायला गेले की मात्र झटकन विरोध करते. वय बसते, ओढ बसल्याचे घरचे सांगतात, सूज नाही, हाडावर दुखत नाही. चारही गोष्टी जुळल्या तर निदान झाले. त्यासाठी यंत्र लागत नाही, धीर लागतो, आणि विचारण्याची पद्धत लागते. "पडलं का?" असे विचारले तर घाबरलेली आई हो म्हणून जाते. "त्या वेळी काय करत होता, हात कुणी धरला होता?" असे विचारले तर खरे कळते.

बसवण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत तळवा उताणा करून कोपर पूर्ण दुमडतात. दुसरीत मूल आईच्या मांडीवरच ठेवून एका हाताने कोपराला आधार द्यायचा, अंगठा कोपराच्या बाहेरच्या बाजूला, त्या गोल डोक्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर धरून तळवा जमिनीकडे वळवत तसाच आणखी पुढे, वळेल तितका फिरवायचा. अंगठ्याखाली बारीकशी टक् जाणवते. मूल क्षणभर रडते. मग त्याला एकटे सोडायचे आणि दहा-पंधरा मिनिटांनी खेळणे त्या बाजूला, जरा उंचावर धरायचे. या दोन रीतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने वेळोवेळी आढावा घेतला आहे. २०१७ च्या आढाव्यानुसार तळवा खाली फिरवण्याच्या रीतीत पहिला प्रयत्न शंभरात सुमारे नऊ मुलांत फसला, जुन्या रीतीत सुमारे सव्वीस मुलांत. या चाचण्या लहान होत्या आणि त्यांत उणिवा होत्या, हे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवले आहे. तरी फरक एवढा मोठा आहे, की नव्याने शिकवायचे झाले तर कोणती रीत आधी शिकवायची याबद्दल मला शंका उरत नाही. हे वर्णन वाचून कुणी घरी प्रयोग करू नये. मोडलेल्या हाताला असे फिरवणे क्रूर तर आहेच, धोक्याचेही आहे, आणि मोडलेला हात वेगळा काढण्याचे शिक्षण घरच्या माणसाला नसते.

ते शिक्षण कुणाला द्यायचे? आदिवासी भागासाठी सरकारी निकष तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. ज्या उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्र झाले, म्हणजे आताचे आयुष्मान आरोग्य मंदिर, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांतले बरेच आयुर्वेदाचे किंवा नर्सिंगचे पदवीधर. सोबत एएनएम, गावात आशाताई, आणि तीन ते सहा वर्षांची मुले रोज जिथे जातात ती अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली, त्याची पथके अंगणवाड्यांतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. म्हणजे माणसे आहेत आणि मुलांपर्यंत पोचण्याची वाटही आहे. माझ्या मते कामाची वाटणी सरळ असावी. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेने ओळखावे, तेल-मालिश थांबवावी, ओढणीच्या झोळीत हात आहे त्याच स्थितीत ठेवून पाठवावे. बसवण्याचे काम समुदाय आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी करावे, तेही प्रत्यक्ष हाताखाली शिकल्यावर. दोन प्रयत्नांत, मध्ये पंधरा मिनिटे थांबून, मुलाने हात वापरायला सुरुवात केली नाही तर तिसरा प्रयत्न नाही. हात झोळीत ठेवायचा आणि पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रेसाठी पाठवायचे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप डॉक्टरांकडून येईल आणि तो रास्त आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाला हे जमेल का, आणि त्याच्या हातून मोडलेले हाड सुटून गेले तर? पहिल्या प्रश्नाला कॅनडातून उत्तर मिळते, पण ते आपल्याला हवे तितके गोड नाही. ओटावाच्या बाल रुग्णालयात झालेली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. तिथे प्रशिक्षण दिलेल्या नर्सेसनी शंभरातल्या सुमारे ८५ मुलांचे कोपर बसवले, डॉक्टरांनी सुमारे ९७. नर्स डॉक्टरइतक्याच यशस्वी ठरतात हे सिद्ध करायला चाचणी निघाली होती, ते सिद्ध झाले नाही. ओटावात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण डॉक्टर त्याच इमारतीत पुढच्या खोलीत असतो. केळापूरच्या पोडावरून पाहिले तर तेच आकडे वेगळे बोलतात. इथे शेजारच्या खोलीत डॉक्टर नाही. शंभरातली ८५ नाही, सत्तर मुले जरी उपकेंद्रावर बरी झाली, तरी सत्तर कुटुंबांचा प्रवास वाचतो, आणि उरलेली तीस आज जिथे जातात तिथेच जातील, फक्त हातात चिठ्ठी घेऊन आणि हात नीट आधाराने बांधून.

दुसरा प्रश्न मोडलेल्या हाडाचा. अमेरिकेतल्या ४५ बाल रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत २०१० ते २०१८ या काळात या निदानाने आलेल्या सुमारे ८८ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मुलांचा एक्स-रे काढलाच नव्हता, आणि मोड सुटून गेल्याचे नंतर उघड झाले ते हजारात तिघांच्या बाबतीत. ते विभाग मुलांच्या डॉक्टरांचे होते, हे विसरून चालणार नाही. आपल्या उपकेंद्राकडून तीच अचूकता गृहीत धरता येत नाही. म्हणूनच इथे नियम त्यांच्यापेक्षा कडक असावा. मूल पडले असेल, काय झाले ते कुणीच पाहिले नसेल, सूज असेल, आकार बदलला असेल, हाडावर बोट ठेवताच मूल कळवळत असेल, वय पाचाच्या पुढे असेल किंवा वर्षाच्या आत असेल, यांतली एकही गोष्ट असली तरी हात फिरवायचा नाही. मुलांच्या कोपराचा सर्वांत सामान्य मोड कोपराच्या जरा वर, दंडाच्या हाडात होतो, बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात आणि पसरलेल्या हातावर पडल्यामुळे. त्या ठिकाणी हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा हाडाला खेटून जातात. तिथे चुकीच्या हालचालीची किंमत मूल आयुष्यभर मोजते.

यवतमाळ जिल्ह्यासाठी या यादीत आणखी एक ओळ हवी, जी परदेशी पुस्तकांच्या पहिल्या पानावर सापडणार नाही. आपल्याकडे गोंड, कोलाम आणि इतरही समाजांत सिकलसेल आहे. सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत या आजाराचे पहिले लक्षण कधीकधी हातापायांच्या पंजांवरची दुखरी सूज हेच असते, आणि असे मूलही हात हलवत नाही. हाडात किंवा सांध्यात पू झाला तरी मूल हात टाकून देते, तेव्हा ताप असतो. ज्या मुलाला ओढ बसल्याचे कुणी सांगत नाही, ज्याला ताप आहे, ज्याच्या पंजावर सूज आहे, त्याचे कोपर बसवायला जाणे म्हणजे खरा आजार एक-दोन दिवस लपवणे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाले आणि तेव्हापासून गावोगावी रक्ततपासणी चालली आहे. हात न हलवणाऱ्या लहान मुलाकडे पाहताना त्या तपासणीचे कार्ड विचारण्याची सवय आशाताईंना लागली, तर या शिक्षणाचा तेवढ्यानेही मोठा उपयोग झाला असे मी मानेन.

आता हाड बसवणाऱ्यांबद्दल. हे काम ते पिढ्यान्‌पिढ्या करतात, पोर रडत जाते आणि हसत येते, मग सरकारी माणसाने त्यात कशाला पडायचे, असे गावात कुणीही विचारील. त्यांचे हे यश खोटे नाही. लंडनचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्येच हाडवैद्यांच्या हातून कोणते रुग्ण बरे होतात यावर व्याख्यान देऊन आपल्या व्यवसायबंधूंना त्यांच्याकडून घेण्यासारखे ते घ्यायला सांगितले होते. वलय चिमटलेले कोपर जाणत्या हातांनी फिरवले की बसतेच, मग ते हात कुणाचेही असोत. कित्येकदा ते आपसूकही बसते, कपडे बदलताना किंवा एक्स-रेसाठी तंत्रज्ञ तळवा उताणा करतो त्या क्षणी. म्हणून तर एक्स-रेच्या खोलीत रडत गेलेले मूल बाहेर येताना हात हलवत येते आणि श्रेय फोटोला मिळते. अडचण वेगळी आहे. कोणता हात फिरवायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्याचे साधन हाड बसवणाऱ्यापाशी नाही, आणि एका हाताच्या यशामुळे त्याच्यावर बसलेला विश्वास दुसऱ्या हातापर्यंत जातो. दंडाचे हाड मोडलेल्या कोपरावर त्याने कामट्या लावून घट्ट पट्टी बांधली, की आतली सूज बाहेर फुगू शकत नाही, स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. बोटे आणि मनगट आखडून पंजासारखा झालेला हात आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मोडलेले कोपर चोळत राहिले तर स्नायूत हाड तयार होऊन सांधा कायमचा कडक होतो. घट्ट पट्टीनंतर दुखणे वाढत जाणे, बोटे सरळ करताना मुलाने किंचाळणे, बोटे गार, पांढरट किंवा बधिर होणे, यांतले काहीही दिसले तर पट्टी कुणी बांधली याचा मान न ठेवता ती तिथल्या तिथे सोडायची आणि १०८ ला फोन करायचा. ही सूचना दवाखान्यात घातलेल्या घट्ट प्लास्टरलाही लागू आहे. प्लास्टर घरी सोडता येत नाही, म्हणून त्याच पावली दवाखान्यात परत जायचे. हाड बसवणाऱ्यांना हाकलून काही साधणार नाही, लोक रात्री त्यांच्याचकडे जातील. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांना बोलावून, सुजलेला किंवा पडून दुखावलेला हात बांधायचा नाही, एवढी एक गोष्ट पटवून द्यावी. ते ऐकतील, कारण आपल्या हातून लेकराचा हात जावा असे त्यांनाही वाटत नसते.

खासगी दवाखान्यांनीही एक सवय सोडायला हवी. एक्स-रेत काही दिसत नाही, तरी "लिगामेंट दुखावले" म्हणून तीन आठवड्यांचे प्लास्टर घालायचे, ही ती सवय. पहिल्यांदाच ओढले गेलेले आणि नीट बसलेले कोपर बांधून ठेवायची गरज नसते. मूल हात वापरू लागले हाच बरे झाल्याचा पुरावा. बारा तासांहून जास्त वेळ कोपर तसेच राहिले असेल तर आत थोडी सूज येते आणि बसल्यानंतरही मूल लगेच हात हलवत नाही, कधी दुसऱ्या दिवशी हलवते. अशा मुलाला झोळी आणि एक दिवसाची वाट पुरते. पालक मात्र "काहीच केलं नाही" म्हणून नाराज होतात, आणि डॉक्टरवरचे ते दडपण मी समजू शकतो. त्यासाठीच लोकांना आधी माहिती असायला हवी.

या जिल्ह्यात बोलायला विषय कमी आहेत का, असेही कुणी म्हणेल. शेतकरी आत्महत्या, २०१७ मधली फवारणीची विषबाधा आणि तिच्यात गेलेले शेतमजूर, कुपोषण, सर्पदंश, दवाखान्यातल्या रिकाम्या जागा, आणि हे काय कोपराचे घेऊन बसले! हा आक्षेप मला मनापासून पटला असता, जर कोपराच्या शिक्षणासाठी त्या कामांतला पैसा किंवा माणूस काढून घ्यावा लागला असता. तसे होत नाही. इथे इमारत नको, औषध नको, निविदा नको. शिकवायला एक जाणकार डॉक्टर आणि मासिक बैठकीतला एखादा तास लागतो. उलट जो एक्स-रे टळला, जी खाट अडली नाही, यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयातल्या बाह्यरुग्ण विभागात जी एक चिठ्ठी कमी फाडली गेली, ती खऱ्या गंभीर मुलाच्या कामी येते. आणि वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडणे ही गरिबाच्या घरी लहान गोष्ट नाही; कापूस वजनावर वेचला जातो आणि न गेलेल्या दिवसाचे कुणी देत नाही.

या विषयात आईला बोल लावण्याची एक रीत आहे, तीही थांबायला हवी. "कशी ओढलीस लेकराला?" हे वाक्य सासरी, दवाखान्यात, रांगेत सगळीकडे ऐकू येते. ज्या वयात पोर धावते पण ऐकत नाही, त्या वयात त्याचा हात धरणे हे सांभाळणेच आहे, आणि रस्त्यावर ट्रक येत असताना झटका देऊन ओढणारी आई योग्य तेच करत असते. बोल लावला की आई खरे सांगत नाही, पडला म्हणते, आणि मग निदान चुकते. काही मुलांना खरोखरच मारहाण होते. सांगितलेली हकीकत दुखापतीशी जुळत नसेल, अंगावर वेगवेगळ्या दिवसांचे वळ असतील, चालू न लागलेल्या बाळाचे हाड मोडले असेल, तर शोध घ्यायलाच हवा. पण वलय सरकणे एवढ्यावरून कुणाच्याही आईबापाकडे संशयाने पाहायला आधार नाही. त्यांना सांगायचे ते इतकेच, की पोराला उचलताना काखेत हात घालून उचला, हाताला धरून झोके देऊ नका आणि धाकट्याला सांभाळणाऱ्या ताईलाही हे दाखवा. हे सांगणे मराठीपुरते ठेवून भागणार नाही. या तालुक्यात गोंडी आणि कोलामी घरे आहेत, सीमेवर तेलुगू बोलले जाते, आणि आईला आपल्या भाषेत कळलेली गोष्टच ती आजीला तेलाची वाटी खाली ठेवायला सांगताना वापरू शकते.

एकदा सरकलेले वलय साधारण पाचातल्या एका मुलात पुन्हा सरकते, त्यामुळे उपकेंद्रावर बरे झालेले मूल परत तिथेच येण्याचा संभव आहे. अशा मुलांच्या आईवडिलांना, पहिले निदान डॉक्टरने पक्के केल्यावर, पुढच्या वेळी स्वतः कसे बसवायचे हे दाखवण्याची पद्धत काही देशांत आहे. अमेरिकेत तर डॉक्टरांनी फोनवरून सांगत पालकांकडून कोपर बसवून घेतल्याचे २००२ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. आपण लगेच तिथवर जाऊ नये. ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून उपकेंद्राने तालुक्याच्या डॉक्टरला मूल दाखवावे आणि त्याच्या डोळ्यांदेखत बसवावे, ही मधली पायरी आपल्याला पेलणारी आहे, जिथे नेटवर्क असेल तिथे. सुरुवात एका तालुक्यापासून, केळापूरपासूनच व्हावी. प्रत्येक मुलामागे नोंदवहीत एक ओळ असावी: वय, कसे झाले, किती वेळाने आणले, कितव्या प्रयत्नात हात हलवला, पुढे पाठवले का, आणि आठवड्याने आशाताईने घरी जाऊन पाहिले तेव्हा हात कसा होता. वर्षभराने ती वही उपजिल्हा रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञासमोर ठेवावी. हे काम उपकेंद्राकडे ठेवायचे, की काढून घेऊन फक्त ओळखून पाठवण्यापुरते मर्यादित करायचे, ते मग ओटावाच्या आकड्यांवरून न ठरता केळापूरच्या लेकरांच्या आकड्यांवरून ठरेल.